विषय : काहीही न करण्याबाबत

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुलगावहून नाचणगाव ओलांडून पुढे आलात की उजव्या हाताला लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं, तारीख टाकली आणि खाली सही केली, की आमच्या तालुक्यात माझ्या कुठल्याही कागदाला अर्ज समजतात. मग तो रजिस्टरात चढतो, त्याला क्रमांक पडतो आणि तो तिथेच मरतो. हा कागद मरू नये अशी माझी इच्छा आहे.

मी अक्षरं शिकलो तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. विहारात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा. स्वतःचं नाव लिहायला मला तीन आठवडे लागले. नत्थू या नावात मधोमध जे अक्षर आहे ते कुदळ धरून घट्टे पडलेल्या हातासाठी बनवलेलं नाही. आईबापांनी नाव ठेवताना हा विचार केला नव्हता, पण त्यांना तरी कुठे ठाऊक होतं की पोरगं चोपन्नाव्या वर्षी पाटी घेऊन बसेल.

लिहिता येऊ लागलं की कोणी लेकीला पत्र लिहितो, कोणी दुकानाच्या पाट्या वाचत फिरतो. मी अर्ज लिहिला. हातपंप बंद असल्याबाबत. तो घेऊन ग्रामपंचायतीत गेलो तर तिथल्या माणसाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती मला परत दिली. म्हणाला, ही पोच. मी तो कागद घरी आणला आणि दोनदा जेवलो. चोपन्न वर्षं मी बोलत होतो. माझ्या बोलण्याची पोच मला कोणी दिली नव्हती, माझ्या बायकोने, भागीरथेनेसुद्धा नाही.

त्यानंतर सतरा वर्षांत मी एकशे त्रेचाळीस अर्ज केले. पूल, खांब, नाली, अंगणवाडीचं छप्पर, मोकाट गोऱ्हा. एकाही अर्जावर काहीही झालं नाही. पोच मात्र प्रत्येकाची आहे, बिस्किटाच्या डब्यात, क्रमवार.

यंदा उन्हाळ्यात माझं बीपी एकशे नव्वदला गेलं. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद करा. बंद केलं. महिन्याने पुन्हा मोजलं तर एकशे नव्वदच. डॉक्टर यंत्राकडे बघत बसले, तेव्हा भागीरथा म्हणाली, "यायचे अर्ज बंद करा जी, मिठात काई नाई."

त्याच आठवड्यात गावातल्या आरोग्य केंद्रावर पौर्णिमा नावाची योग शिकवणारी मुलगी येऊ लागली. भागीरथेने मला हाताला धरून नेऊन तिच्यासमोर बसवलं, जसं ढोरांच्या डॉक्टरपुढे बैल नेतात.

पौर्णिमेने आम्हा सात म्हाताऱ्यांना सांगितलं, "आजोबा, योग म्हणजे हातपाय वाकवणं एवढंच नाही. योगात काही नियम आहेत. त्यातला एक संतोष. म्हणजे आत्ता, या घडीला जे आहे, ते पुरे आहे. श्वास आत आला, बघा. बाहेर गेला, बघा. दुसरं काही मागू नका."

मी विचारलं, "किती दिवस?"

"दिवस कसले? आत्ता."

"आत्ता म्हंजे किती वाजेपर्यंत?"

ती मुलगी चांगल्या घरची होती. ती हसली नाही. भागीरथा मात्र म्हणाली, "विहारात भंतेजी वीस वर्सं हेच सांगून राह्यले. तवा तुमी मांगं बसून मसुदा जुळवत होते."

घरी आल्यावर तिने तिची निळी पिशवी खुंटीवरून काढली, त्यात दोन लुगडी घातली आणि पिशवी दाराशी ठेवली.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "रोज सकाळी सात ते नऊ, गुपचूप बसाचं. बोलाचं नाई, मागाचं नाई. अकरा दिवस निभलं त निभलं. नाई त मी लेकीकडे, काजलकडे हिंगणघाटले चालली. सतरा वर्सं झाले, मी जेवाले वाढतो अन् तुमी मले अर्ज वाचून दाखवता. मले माणूस पाहिजे जी घरात, कार्यालय नाई."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने पिशवी भरण्याची धमकी अनेकदा दिली होती. भरली पहिल्यांदाच होती. मी पिशवीकडे पाहिलं. नंतर तिच्याकडे पाहिलं. नंतर मी कबूल झालो.

आता प्रश्न जागेचा. घरात बसावं तर शेजारी पिठाची गिरणी. मागच्या अंगणात बसावं तर बकरी येऊन माझा दुपट्टा खाते, आणि दुपट्टा खाल्ला जात असताना संतोष मानण्याइतका मी पोहोचलेला नव्हतो. गावात शांत, सावलीची, झाडलेली जागा एकच होती : ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखालचा कट्टा. कार्यालय अकराला उघडतं, म्हणजे बाराला. सात ते नऊ तिथे कुत्रंसुद्धा नसतं. मी सतरंजी घेतली, पाटी-पेन्सिल घेतली (मौनात कोणी काही विचारलंच तर), आणि पहिल्या दिवशी सात वाजता डोळे मिटून बसलो.

सात वाजून पाच मिनिटांनी हरिभाऊ आला. हरिभाऊ माझा शेजारी, माझ्याच वयाचा, आणि देवाने त्याला सल्ला देण्यासाठीच जन्माला घातलंय.

"काऊन बे नत्थू, काय करून राह्यला?"

मी गप्प.

"उपोषण?"

मी डोळे आणखी घट्ट मिटले. श्वास आत आला, बघितला.

"उपोषणच व्हय!" हरिभाऊ मोठ्याने म्हणाला. "अरे पण असं मुक्यावानी काऊन बसला? बॅनर कुठं हाय? बॅनर नसन त लोकायले वाटन म्हातारा घरून हाकलला."

आता लोकांची बाजू घ्या. एकशे त्रेचाळीस अर्ज करणारा माणूस ग्रामपंचायतीच्या दारासमोर सतरंजी टाकून, कपाळाला आठ्या घालून, न बोलता बसलाय. (आठ्या एकाग्रतेच्या होत्या.) आमच्या जिल्ह्यात असं बसण्याचा दुसरा अर्थच नाही. योग करणारा माणूस लाल चटईवर बसतो आणि त्याचा फोटो निघतो. सतरंजीवर बसतो तो मागणारा.

पंधरा मिनिटांत बारा-तेरा माणसं जमली. मी पाटी घेतली. माझं अक्षर चांगलं आहे, पण सावकाश आहे. प्रत्येक अक्षराला रेघ देऊन मगच मी पुढे जातो. "मला काहीही नको" एवढं लिहीपर्यंत दोन माणसं चहा पिऊन परत आली. पाटी वर केली. हरिभाऊने ती मोठ्याने वाचली आणि लोकांना समजावून सांगितली : "काईच नको म्हंते. म्हंजे आश्वासन नको, चर्चा नको, चहा नको! आता मांगं हटत नाई गडी!"

टाळ्या वाजल्या. श्वास बाहेर गेला. तो मी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ग्रामसेवक धीरज हजर. धीरज रोज वर्ध्याहून येतो. सकाळी साडेसात वाजता त्याला गावात कोणी कधी पाहिलेलं नसल्यामुळे निम्मी गर्दी त्याला बघायला आली होती. त्याच्या काखेत एक फाईल होती. माझी. वजनाने ती एवढी होती की तो एका बाजूला झुकून चालत होता.

"नत्थूजी," तो माझ्यासमोर मांडी घालून म्हणाला, "नेमका कोणता अर्ज? नंबर सांगा फक्त."

मी गप्प.

"बोलत नाही का? बरं. मी वाचतो, तुम्ही इशारा करा."

तो एकेक अर्ज वाचू लागला. मी पौर्णिमेने शिकवल्याप्रमाणे दीर्घ श्वास घेत होतो आणि सावकाश सोडत होतो. "हातपंप नादुरुस्त..." माझा श्वास सुटला. धीरजने मान डोलावली आणि खूण केली. "खांबावरचा दिवा बंद..." पुन्हा सुटला. पुन्हा खूण. "पुलाचा खड्डा..." जिवंत माणसाचा श्वास काही सेकंदांनी सुटतोच, त्याला माझा इलाज नव्हता. नऊ वाजेपर्यंत त्याने एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस अर्जांवर खुणा केल्या. "आजोबा लय दुखावलेत," तो हरिभाऊला म्हणाला. "प्रत्येक मुद्द्याला उसासा टाकतात."

तिसऱ्या दिवशी हातपंप दुरुस्त झाला.

हे वाक्य मी एका ओळीत लिहिलं, पण त्यामागे सतरा वर्षं आणि सात अर्ज आहेत. मी डोळे मिटून बसलो होतो आणि पलीकडून दांड्याचा आवाज आला, खटक-खटक, आणि मग पाण्याचा. चौथ्या दिवशी खांबावर दिवा लागला. तो बंद करायचं बटण बसवायचं राहिलं, त्यामुळे तो तेव्हापासून दिवसाही जळतो. पाचव्या दिवशी पुलाच्या खड्ड्यात मुरूम पडला. आनंदाबाई, जी सतरा वर्षं दुसऱ्या आळीतून पाणी आणत होती, ती पहिली घागर भरून माझ्यासमोर आली आणि माझ्या पायावर तिने पाणी घातलं. मोजे होते पायात. मी बोललो नाही.

"बावाजी," ती म्हणाली, "अंगणवाडीच्या छपरासाठी बी बसजा जी थोडसं."

सहाव्या दिवशी मांडव पडला. सातव्या दिवशी खुर्च्या आल्या आणि माईक आला. माईक कशासाठी, मी तर बोलत नव्हतो. पण हरिभाऊ बोलत होता. "नत्थूजी आता श्वास घेऊन राह्यले," तो सगळ्या गावाला सांगे. "आता सोडून राह्यले."

आणि रोज माझं वजन होत होतं. उपोषणाला बसलेल्या माणसाची प्रकृती तपासावी असा नियम आहे म्हणे. आरोग्य केंद्रातून नर्सबाई काटा घेऊन येत. आता खरी गोष्ट अशी की मी सहाला दोन भाकरी खाऊन निघायचो आणि नऊला घरी गेलो की भागीरथा मला पुन्हा वाढायची. ती खूश होती. मी तिच्यासमोर बसून जेवत होतो आणि काहीही वाचून दाखवत नव्हतो. एक दिवस तिने मला विचारलं, "वांग्यात मीठ बरोबर हाय का?" आणि मी म्हणालो, "बरोबर हाय." एवढंच. पण असा संवाद आमच्यात सतरा वर्षांत झाला नव्हता. मीठ मला बंद होतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यामुळे आठव्या दिवशी नर्सबाईंनी कागदावर लिहिलं : उपोषणार्थीचे वजन सव्वा किलोने वाढले. त्या मजकुरासाठी छापील कागदावर जागा नव्हती. खाली एकच ओळ छापलेली होती, "प्रकृती चिंताजनक", तिच्यासमोर त्यांनी बरोबरची खूण केली. तो कागद तालुक्याला गेला.

मला एक कबुली द्यायची आहे. या सगळ्याचा मला आनंद होत होता, आणि तिथेच घोळ होता. पौर्णिमा म्हणाली होती, मागू नका. मी मागत नव्हतो तर सगळं येत होतं. मग मनात येऊ लागलं, आणखी थोडं नीट न मागितलं तर छप्परही येईल. नवव्या दिवशी श्वास मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की मी श्वास मोजत नाही, पंप, दिवा, पूल मोजतोय. बघायला आलेल्या पौर्णिमेला मी पाटीवर लिहून विचारलं की हा संतोष आहे का. तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही अर्जच करताय. फक्त कागद वाचवताय."

सतरा वर्षांत माझ्या अर्जाला आलेलं पहिलं खरं उत्तर ते होतं.

दहाव्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. सोबत धीरज, सरपंच अस्मिताताई, आणि स्टीलच्या पेल्यात निंबूपाणी. उपोषण सोडवायला ते लागतं. साहेबांनी पंचनामा काढला आणि पेन उघडलं.

"उपोषणार्थीची मागणी?"

मी पाटी दाखवली : काही नाही.

"म्हणजे निरंक लिहू? हे बघा आजोबा, निरंक लिहिलं तर पंप कशाला दुरुस्त केला? दिवा कशाला लावला? ऑडिटमध्ये मी काय सांगू, एक माणूस श्वास घेत होता म्हणून? मागणी पाहिजे. एक तरी, मोठी, नवीन, मी आज मंजूर केलेली." ते धीरजकडे वळले. "राहिलेल्यांपैकी जागच्या जागी होण्यासारखी कोणती?"

धीरजने फाईल चाळली. "साहेब, अडतीस नंबर. समोरचा कट्टा पाडून, झाड काढून, त्या जागी सिमेंटचा प्रवासी निवारा. पत्र्याच्या शेडसह."

माझा श्वास गेला तो आला नाही.

अर्ज क्रमांक अडतीस. बारा वर्षांपूर्वी निंबाच्या बुंध्याला कोणी टेकून बसायचं यावरून माझं आणि हरिभाऊचं भांडण झालं होतं. बुंधा एक, पाठी दोन. तो म्हणाला, माही जागा. मी म्हणालो, कुठं लिवलं हाय? आणि मला लिहिता येत असल्यामुळे मी घरी जाऊन लिहिलं. दोन दिवसांनी आमचं भांडण मिटलं, आम्ही बुंध्याच्या दोन बाजूंना टेकून बसू लागलो. अर्ज मात्र कुठेतरी हळूहळू चालत राहिला होता.

"मंजूर!" साहेब माईकवर म्हणाले. "उद्या सकाळी जेसीबी येईल."

टाळ्या वाजल्या. हरिभाऊने वाजवल्या नाहीत. माईक त्याच्या हातात नव्हता म्हणून असेल, पण तो हळू बोलला.

"नत्थू, हे तू लिवलं होतं?"

मी मौनात होतो. मौनाचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती.

अकराव्या दिवशी मी सातला बसलो. साडेसातला जेसीबी आला, सोबत धीरज. चालवणारा परगावचा होता. "आजोबा, उठा जी, तुमचंच काम हाय," तो म्हणाला. मी उठलो नाही. मांडवाच्या कडेला भागीरथा उभी होती, आणि तिच्या खांद्याला निळी पिशवी होती. हिंगणघाटला जाणारी गाडी सव्वानऊला फाट्यावर थांबते. नऊ वाजेपर्यंत काही मागायचं नाही, हे पाळलं तर झाड जातं. लिहिलं तर ती जाते.

मागे हालचाल झाली. हरिभाऊ आला होता. त्याने सल्ला दिला नाही. तो त्याच्या बाजूने बुंध्याला टेकून बसला. झाडाच्या पलीकडून त्याचा खोकला माझ्या पाठीला जाणवला. निंबाची एक काडी माझ्या मांडीवर पडली. वर एक तांबट पक्षी टुकटुक करत होता. दिवा जळत होता. पंपावर आनंदाबाई पाणी भरत होती. आणि मला एकदम दिसलं की पौर्णिमा जे म्हणत होती ते हे आहे, आणि त्याला दहा मिनिटांत जेसीबी लागणार आहे.

मी धीरजकडे हात केला. त्याने कागद दिला. मी लिहू लागलो.

प्रत्येक अक्षराला रेघ देऊन. जेसीबीचं इंजिन सुरू होतं. चालवणारा खाली उतरला, त्याने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. माझ्या पाच ओळी झाल्या. तो पुन्हा मळू लागला. पुऱ्या पाऊण तासाने मी सही केली आणि कागद हरिभाऊकडे दिला. भागीरथा जवळ आली होती. तिला वाचता येत नाही.

"वाचा जी, काय मागतलं यायनं ते," ती हरिभाऊला म्हणाली. तिचा आवाज बरा नव्हता.

हरिभाऊने माईक घेतला नाही. साध्या आवाजात वाचलं :

"अर्ज क्रमांक एकशे चव्वेचाळीस. विषय : काहीही न करण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, निंब आहे तो तिथे राहू द्यावा. कट्टा आहे तसा राहू द्यावा. हरिभाऊ आहे तसाच आहे, त्याला काही इलाज नाही, तोही राहू द्यावा. माझी बायको माझ्या घरी आहे, ती तिथे आहे हे मी आजवर रजिस्टरात घेतलं नव्हतं, ते घ्यावं. आपला, नत्थू."

मग हरिभाऊ म्हणाला, "भागीरथाबाई, हे मागणं झालं का?"

भागीरथेने विचार केला. अख्खं गाव, ग्रामसेवक आणि जेसीबी तिच्या निकालाची वाट बघत होते.

"मागणं त नाई," ती म्हणाली. "मागणं म्हंजे नसन ते. हे त जे हाय तेच सांगतलं." तिने पिशवी कट्ट्यावर ठेवली. "शाई आणा इकडे. माहा बी अंगठा घ्या त्याच्याखाली."

धीरजने शिक्का मारला, पोच दिली आणि साहेबांना फोन लावला. साहेब पलीकडून चिडलेले ऐकू येत होते, पण नियम नियम आहे : जागेबाबत अर्ज प्रलंबित असेल तर निर्णय होईपर्यंत काम करता येत नाही. जेसीबी वळला. वळताना त्याने मांडवाचा एक बांबू पाडला. नऊ वाजले. साहेबांच्या पेल्यातलं निंबूपाणी कालपासून तसंच होतं, ते हरिभाऊने पिऊन टाकलं.

याला आता सात महिने झाले. पंप पुन्हा बिघडला. आनंदाबाई मला बसवायला आली होती. मी तिला भागीरथेकडे पाठवलं. भागीरथा सध्या माझ्याकडून अक्षरं शिकते आहे, आणि शिकवताना मला एक गोष्ट कळली : तिच्या मनात साठलेलं माझ्याहून पुष्कळ जास्त आहे. पंपाचा अर्ज ती स्वतः लिहिणार आहे. कार्यालयाने तयारीला लागावं.

मी रोज सकाळी कट्ट्यावर बसतो. पलीकडून हरिभाऊ टेकतो. बीपी एकशे चाळीस आहे. अर्ज क्रमांक एकशे चव्वेचाळीसवर कार्यालयाने सात महिन्यांत कुठलीही कार्यवाही केलेली नाही. काहीही झालेलं नाही. मी मागितलं होतं अगदी तेच.